वहिनींच्या हृदयात गाठ निघाली आहे, वेचणी आटोपेपर्यंत थांबलं तर चालेल का?

पांढरकवड्याजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वहिनींचं वय ४२. सहा-सात महिन्यांपासून दम लागतो, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरलंय. आधी टीबी समजून गोळ्या सुरू झाल्या, मग दुसऱ्या डॉक्टरांनी ‘वाल (हृदयाची झडप) खराब दिसतो’ म्हटलं. शेवटी यवतमाळला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात साडेचार बाय तीन सेंटिमीटरची, पडद्याला चिकटलेली, हलती गाठ निघाली. रिपोर्टात ‘मिक्सोमा असावा’ असं लिहिलंय आणि डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलंय. घरात तीन मतं आहेत. एक म्हणतो, हा कॅन्सर आहे, आता चिरफाड कशाला. दुसरा म्हणतो, जडीबुटीनं गाठ विरघळते. तिसरा म्हणतो, ऑपरेशन करूच, पण कापसाची वेचणी आटोपल्यावर. बाईला सिकलसेल ‘एएस’ आहे, म्हणजे ती सिकलसेलची वाहक आहे, त्याचीही भीती आहे.

भाऊ, मी हृदयाचा सर्जन. आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. हा बहुतेक कॅन्सर नाही. औषधानं ही गाठ विरघळत नाही, कोणत्याच. आणि वेचणीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात नागपूर किंवा वर्ध्याजवळचं सावंगीचं हॉस्पिटल गाठा. तिन्ही मतांत मला सगळ्यात जास्त काळजी तिसऱ्याची वाटते, कारण ते ऐकायला समंजस वाटतं.

हृदयात मुळातून उगवणाऱ्या गाठी फार दुर्मिळ. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदींत हे प्रमाण दर दहा हजारांत एखाद-दोन असं येतं. हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मोठेपणी जवळजवळ विभागतच नाहीत, हे त्याचं एक कारण मानलं जातं. दुसरीकडच्या कॅन्सरचं बी हृदयात येऊन पडणं याच्या कितीतरी पट जास्त आढळतं, तो विषय वेगळा. हृदयाच्या स्वतःच्या गाठींपैकी चारातल्या तीन साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात, आणि मोठ्या माणसांतल्या साध्या गाठींत निम्म्याच्या आसपास मिक्सोमाच. मिक्सोमा बायकांत जास्त, साधारण तिशी ते साठीच्या दरम्यान. चारातले तीन डाव्या वरच्या कप्प्यात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठानं लटकलेले. आता तुमचा रिपोर्ट पुन्हा वाचा: बाई, वय ४२, डावा वरचा कप्पा, पडद्याला चिकटलेली, हलती. यवतमाळच्या डॉक्टरांनी ‘असावा’ लिहिलंय ते शास्त्राच्या शिस्तीनं. खात्री बायोप्सीच देते, पण ती बायोप्सी ऑपरेशननंतर, अख्खी गाठ हातात आल्यावर करायची. डाव्या बाजूच्या गाठीत आधी सुई किंवा चिमटा घालून तुकडा काढायचा नसतो, कारण निसटलेला तुकडा सरळ मेंदूकडे जातो. ‘आधी तुकडा काढून तपासा, मग ठरवू’ असं कुणी नातेवाईक सुचवत असेल तर त्याला हे सांगा.

रक्ताची गुठळी आणि मिक्सोमा यांतला फरकही विचारला जातो. डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी झाली तर ती बहुतेक वेळा कप्प्याच्या मागच्या भिंतीशी किंवा कोपऱ्यातल्या पिशवीत बसते. अशा रुग्णाची झडप आवळलेली असते, कप्पा फुगलेला असतो, नाडी अनियमित असते. तुमच्या वहिनींची झडप स्वच्छ आहे आणि ठोके नियमित आहेत असं रिपोर्टात आहे. म्हणजे पारडं मिक्सोमाकडे झुकतं.

टीबीच्या गोळ्या कशा काय सुरू झाल्या, यावर घरात राग दिसतो. तो जरा बाजूला ठेवा. मिक्सोमाची गाठ इंटरल्युकिन-सिक्स नावाचा पदार्थ रक्तात सोडते. त्यानं बारीक ताप येतो, भूक मरते, वजन उतरतं, सांधे दुखतात, हिमोग्लोबिन घटतं, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढतो. आपल्या भागात ताप, वजन कमी, ईएसआर जास्त असं एकत्र दिसलं की पहिला संशय टीबीचा येणारच, आणि तो यायलाही हवा. पण थुंकी निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे स्वच्छ, लघवी लाल करणाऱ्या गोळ्या दोन महिने घेऊनही दम तसाच, अशा वेळी पुढचा कागद इकोचा फाडायला हवा. गाठ काढल्यावर हा ताप आणि ईएसआर आपोआप उतरतात. टीबीच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. थुंकीचा रिपोर्ट आणि एक्स-रे सोबत न्या, तो निर्णय तिथले डॉक्टर घेतील.

‘वाल खराब’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही फार चुकलं नाही. गाठ लटकून खालच्या कप्प्याकडे जाते तेव्हा ती या दोन डाव्या कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेचं तोंड अडवते. स्टेथोस्कोपला आवाज हुबेहूब आवळलेल्या झडपेसारखा येतो. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे इतके आहेत, की कान तिकडेच जातो. खूण एकच: झडपेचा आवाज पेशंट कसाही बसला तरी कायम असतो, गाठीचा आवाज आज आहे तर उद्या नाही, बसल्यावर आहे तर आडवं झाल्यावर बदलतो. तक्रारही तशीच बदलते. ओपीडीत अशी वाक्यं ऐकू येतात: ‘डॉक्टरसाहेब, या कुशीवर झोपलं का जीव घाबरते, त्या कुशीवर काहीच नाही.’ वाकून काही उचलताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, बाई वावरातच खाली बसते, आणि उपास होता, ऊन होतं, असं म्हणून विषय संपतो. पीएचसीत काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझं सांगणं आहे की अंगाची स्थिती बदलल्यावर दम बदलतो असं रुग्ण म्हणाला तर ते वाक्य केसपेपरवर जसंच्या तसं लिहा. इको करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

आता थांबण्याबद्दल. मिक्सोमा साधा आहे तो पेशींच्या स्वभावानं. तो बसलाय कुठे ते बघा: शरीराला रक्त पुरवणाऱ्या पंपाच्या तोंडाशी. गाठ मऊ आणि ठिसूळ असते. तिचा तुकडा सुटला तर तो फुप्फुसाकडे जात नाही, थेट महाधमनीत जातो, आणि तिथून बहुतेक वेळा मेंदूत. डाव्या बाजूच्या मिक्सोमात साधारण तिघांतल्या एकाला केव्हा ना केव्हा असा तुकडा सुटल्याचा त्रास होतो. कुणाला लकवा, कुणाचा एक डोळा अचानक अंधारतो, कुणाचा पाय गार पडतो. गाठ लहान असली म्हणजे धोका कमी, असंही नाही. पृष्ठभाग झालरीसारखा, सुट्या-सुट्या पाकळ्यांचा असेल तर लहान गाठही तुकडे टाकते. दुसरा धोका, गाठ झडपेत अडकून रक्त एकदम थांबण्याचा. वेचणी दोन-तीन महिने चालते. त्या काळात काही होणार नाही असं छातीठोक सांगणारा डॉक्टर मला माहीत नाही. ज्या बाईला आज चालत ऑपरेशनला नेता येतं, तिला उद्या लकवा मारलेल्या स्थितीत न्यावं लागलं तर ऑपरेशनचं गणितच बदलतं. मेंदूत ताजी इजा मोठी असेल, तर ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनसाठी द्यावं लागणारं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, तिथं रक्तस्राव वाढवू शकतं, आणि मग आम्हालाच काही आठवडे थांबावं लागतं, डोक्यावर दुसऱ्या तुकड्याची टांगती तलवार ठेवून.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी काम भागेल का? नाही. सुटतो तो बहुतेक गाठीचाच तुकडा, आणि त्यावर या गोळ्यांचा भरवसा नाही. जडीबुटीचंही तेच. कुणी गाठ विरघळवायचं औषध देत असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका, फक्त त्यात दिवस घालवू नका. कित्येक काढ्यांत आणि भस्मांत काय आहे ते कळत नाही, आणि ऑपरेशनच्या आधी मूत्रपिंडं बिघडलेली आम्हाला परवडत नाहीत.

नागपूरला काय होईल ते सांगतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. पुन्हा इको होईल. बहुधा अन्ननळीतून नळी घालून आतून इको करतील, टीईई म्हणतात त्याला. गाठीचा देठ नेमका कुठं आहे, दुसऱ्या कप्प्यात दुसरी गाठ तर नाही, हे त्यात स्वच्छ दिसतं. वय चाळिशीच्या वर असल्यानं हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी किंवा सीटी अँजिओ सांगतील. त्यात ब्लॉकेज निघालं तर एकाच ऑपरेशनात दोन्ही कामं होतात. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. गाठ भलत्या जागी असेल, रुंद बुडाची असेल, भिंतीत घुसलेली वाटत असेल, तर एमआरआयशिवाय मीही पुढे जात नाही, कारण तिथं कॅन्सरचा संशय खरा असतो.

ऑपरेशनला साधारण तीन ते चार तास. छातीचं मधलं हाड उभं कापून आत जातात. इतर ऑपरेशनांत आम्ही हृदय हातात घेऊन वळवून बघतो. इथं पहिलं पथ्य म्हणजे महाधमनीला चिमटा लागेपर्यंत हृदयाला हात लावायचा नाही, कारण दाबलं की तुकडा सुटतो. शरीरातून येणाऱ्या दोन्ही मोठ्या शिरांत वेगवेगळ्या नळ्या घालून रक्त मशीनकडे वळवतात. चिमटा लावून पोटॅशियमचं द्रावण देतात आणि हृदय थांबतं. मग बहुतेक सर्जन उजवा वरचा कप्पा उघडून पडद्यातून डावीकडे जातात, काही जण थेट डावा कप्पा उघडतात, गाठ मोठी असेल तर दोन्ही. गाठ ओढायची नसते. देठ पडद्याला जिथं चिकटलाय, त्याच्याभोवतीचा अर्धा ते एक सेंटिमीटर पडदा गाठीसकट काढायचा. मूळ मागं राहिलं तर गाठ परत यायला वाट मोकळी. पडद्यात जे भोक पडतं, ते रुग्णाच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा शिवून बुजवतात. ट्रेमध्ये ठेवलेली गाठ पाहिली तर पावसात भिजून फुगलेला बाभळीचा डिंक आठवतो, तशीच पिवळट, पारदर्शक, मधेच रक्ताचे तांबडे डाग. तिला नुसतं बोट लागलं तरी कडेचा चुरा होतो, आणि सहा महिने ती झडपेवर प्रत्येक ठोक्याला आपटत होती हे लक्षात घ्या. गाठ निघाल्यावर चारही कप्पे बघतात, सलाइननं भरपूर धुतात, तेवढ्या वेळात शोषलेलं रक्त मी तरी परत मशीनमध्ये घेत नाही. शेवटी झडपेत पाणी भरून ती गळते का ते तपासतात. गाठीच्या आपटण्यानं झडप फाटली असेल तर दुरुस्ती करावी लागते, क्वचित बदलावी लागते.

हे ऑपरेशन नवं नाही. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी १९५४ साली हार्ट-लंग मशीन वापरून डाव्या कप्प्यातला मिक्सोमा पहिल्यांदा यशस्वीपणे काढला, मशीनवरचं पहिलं यशस्वी ऑपरेशन झाल्यानंतर जेमतेम सव्वा वर्षात. त्याआधी ही गाठ बहुधा शवविच्छेदनातच कळायची. आज अनुभवी ठिकाणी या ऑपरेशनात जीव जाण्याचा धोका शंभरात साधारण दोन-तीन, वय आणि इतर आजारांप्रमाणे कमी-जास्त. धोका शून्य आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

आता सिकलसेल. हा प्रश्न आपल्याच भागात येतो, आणि तुम्ही तो विचारलात हे बरं केलं. मशीनवर शरीर थंड करतात, आणि रक्ताभिसरण मंदावलं की रक्त आम्लधर्मी होतं. गारवा, प्राणवायूची कमतरता आणि आम्लता, या तिन्हींत सिकलच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. म्हणून भरती होताना पहिल्या मिनिटाला ‘एएस आहे’ हे सांगा, कार्ड असेल तर दाखवा. फक्त सोल्युबिलिटी टेस्ट (सिकल आहे की नाही एवढंच सांगणारी) झाली असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस (एएस की एसएस ते सांगणारी तपासणी) करून घ्यायला सांगतील, कारण एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार, यांची तयारी वेगळी. एएसमध्ये शरीर फार थंड न करणं, प्राणवायू भरपूर ठेवणं, पाणी कमी पडू न देणं, एवढ्यावर बहुतेक निभावतं. एसएस असेल तर आधी रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिनचं प्रमाण खाली आणावं लागतं. सिकल आहे म्हणून ऑपरेशन होणार नाही, असं अजिबात नाही. याच विषयावर डॉक्टरमंडळींसाठी एक गोष्ट. तरुण रुग्णाला लकवा मारला आणि सिकल टेस्ट पॉझिटिव्ह निघाली की फाइल तिथंच बंद होते. नुसत्या एएसनं लकवा सहसा होत नाही. त्या रुग्णाचा इको झालाच पाहिजे. आणि पायाच्या धमनीतून काढलेली गुठळी चिकट, जेलीसारखी दिसली तर ती बादलीत टाकू नका, पॅथॉलॉजीला पाठवा. हृदयातल्या मिक्सोमाचा पत्ता कधी कधी तिथूनच लागतो.

पैशाचं: जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि दवाखान्यात पोचल्यावर कॅश काउंटरच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला भेटा. भरती झाल्यावर, बिल भरल्यावर योजना आठवली तर फार धावपळ होते. यवतमाळच्या इकोचा नुसता कागद नको, सीडीही मागून घ्या. रक्तगट जुळणारे दोन-तीन जण तयार ठेवा. प्रवासात वहिनींना ज्या स्थितीत बरं वाटतं तसंच बसू द्या, बळजबरीनं आडवं करू नका. वाटेत किंवा घरी तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, शुद्ध गेली, पाय गार आणि पांढरा पडला, तर ओवाळणी-उतारा काही नको, १०८ लावा.

ऑपरेशननंतर आठवडाभरात बहुतेक रुग्ण घरी जातात. पहिल्या काही दिवसांत ठोके अनियमित होणं नेहमीचं आहे, त्यावर औषध असतं. छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-अडीच महिने लागतात. तेवढे दिवस पाण्याचे गुंड उचलणं, ओटी बांधून वेचणी, लेकराला कडेवर घेणं बंद. बाई स्वतः म्हणेल मी बरी आहे, आणि सासरचे मान डोलावतील. तुम्ही तिचे दीर आहात, हे तुम्हीच सांभाळा. आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन निघून येऊ नका. गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट काही दिवसांनी मिळतो, तो घ्यायला माणूस पाठवा. ‘कॅन्सर आहे का’ या घरातल्या प्रश्नाचं पक्कं उत्तर त्याच कागदावर असतं, आणि कितीतरी घरांनी तो कागद नेलेलाच नसतो.

मग हृदयाचा कॅन्सर असतो तरी कसा, हेही विचारलंत. असतो. बहुतेक सार्कोमा (स्नायू, रक्तवाहिन्या अशा भागांतून उगवणारा कॅन्सर), त्यातला रक्तवाहिन्यांचा अँजिओसार्कोमा जास्त करून उजव्या वरच्या कप्प्यात. तो रुंद बुडानं भिंतीत घुसतो, हृदयाभोवती रक्तमिश्रित पाणी साठवतो, आणि कळेपर्यंत बऱ्याचदा फुप्फुसात पोचलेला असतो. तिथं ऑपरेशन, किमो सगळं करूनही आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावं लागतं, आणि ते कुटुंबापासून लपवू नये असं माझं मत आहे. लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) असेल तर उलट, तिथं सुरी नको, किमो हवी. म्हणून उजव्या बाजूच्या संशयास्पद गाठीची आधी बायोप्सी करतात. झडपेवर उगवणारी पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा नावाची बारीक गाठ साधीच असते, पण तुकडे टाकते, म्हणून डाव्या बाजूला असली तर सहसा काढतात. लहान मुलांचं गणित निराळं. त्यांच्यातली नेहमीची गाठ ऱ्हॅब्डोमायोमा. ती पुष्कळदा पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीतच दिसते, जन्मानंतर बहुतेक आपोआप आटते, आणि रक्ताची वाट अडवत नसेल तर काढायची नसते. मात्र अशा बाळाच्या अंगावर पांढुरके चट्टे किंवा झटके असतील तर ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची तपासणी करावी लागते.

गाठ परत येते का? घराण्यात चालत न आलेल्या, एकट्या मिक्सोमात, मूळ नीट काढलं असेल तर शंभरात एक ते तीन जणांत. म्हणून सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एक इको, काही वर्षं तरी. घराण्यात चालत आलेला प्रकार वेगळा, त्याला कार्नी कॉम्प्लेक्स म्हणतात. त्यात वय लहान असतं, गाठी एकाहून जास्त किंवा भलत्या कप्प्यात असतात, ओठांवर, पापण्यांवर तपकिरी-काळे ठिपके असतात, आणि परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त. वहिनींच्या ओठांवर असे ठिपके असतील, किंवा माहेरी कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर सर्जनला तसं सांगा आणि त्यांच्या भावंडांचा, मुलांचाही एकेक इको करून घ्या. तसं काही नसेल तर बाकी घरच्यांना तपासण्याची गरज नाही.